रविवारचे सगळे पेपर मीच नेले

मी एडेलिना पाल्मारेस, वय ४७ वर्षे, धंदा वृद्धाश्रमात देखभाल, राहणार डेलानो, कॅलिफोर्निया, मूळ राहणार इलोइलो, फिलिपीन्स. पोलीस ठाण्यात स्वतःहून समक्ष हजर होऊन जबाब देते की,

मी दहा वर्षांपासून मुदतीच्या परवान्यावर येथे नोकरीस आहे. म्हाताऱ्यांना अंघोळ घालणे, भरवणे, डायपर बदलणे आणि त्यांच्या शिव्या खाणे हे माझे काम आहे. सरकारदरबारी ते बिनकौशल्याचे काम समजले जाते. ज्याने हे ठरवले त्याने आमच्या सहाफुटी मिस्टर डॉल्बींना एकदा अंघोळ घालून पाहावी.

मालकीण मिसेस ओफेलिया गुम्बान यांनी माझ्या कायमच्या रहिवासासाठी अर्ज करायचे कबूल केले. रहिवास मिळाला तर नवरा आणि मुलगी ॲनालिन यांना इकडे आणता येते, पण मुलगी एकवीस वर्षांची व्हायच्या आत. ती आता सतरा वर्षांची आहे. मी निघाले तेव्हा सात वर्षांची होती.

अर्जाआधी मालकाला दोन रविवारच्या पेपरांत जागेची जाहिरात द्यावी लागते. लायक अमेरिकी माणूस आला तर माझा अर्ज बारगळला. वकील म्हणाले, "काळजी सोडा, असल्या कामाला कुत्रंही फिरकत नाही." मी काळजी सोडली नाही.

दोन्ही रविवारी सकाळी मी गावातल्या पेपरच्या पेट्यांपाशी गेले. एका अंकाचे पैसे टाकले की झाकण उघडते आणि आत अख्खा गठ्ठा असतो. मी एकाचे पैसे टाकून गठ्ठा उचलला. ही चोरी आहे हे मला माहीत होते. त्यानंतर मी चर्चला गेले.

एवढ्या रद्दीचे करायचे काय, हा प्रश्न होता. त्याच सुमारास मी घरी जहाजाने खोका पाठवत होते. साबण, कॉफी, डबाबंद मटण आणि कप. आमच्यात खोक्यात बोटभर फट ठेवली तरी नातेवाईक नावे ठेवतात. मी प्रत्येक फटीत पेपर कोंबला.

खोका पोहोचला तेव्हा माझी नणंद नेनिता इलोइलोला सुट्टीवर होती. ती इथल्या जवळच्याच बेकर्सफील्डची, अमेरिकी नागरिक, याच कामातली, आणि नुकतीच नोकरी सुटलेली. परत आल्यावर चुरगळलेली जाहिरात घेऊन ती थेट आमच्या वृद्धाश्रमाच्या दारात उभी राहिली. माझा अर्ज अजून गेला नव्हता.

"वहिनी, तुझ्याच मालकिणीकडे जागा आहे आणि मला बोलली नाहीस?"

"ती जागा माझी आहे."

"मग पेपरात कशाला दिलीत?"

मिसेस ओफेलिया मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला नाही म्हणायला मला एक कारण दे." कारणे पुष्कळ होती. कायद्यात बसणारे एकही नव्हते.

पेपर चोरीला गेल्याचे सिद्ध झाले तर ही जाहिरात रद्द होऊन नव्याने द्यावी लागेल, असा हिशेब करून मी आज येथे आले. जबाबाची शिक्क्यानिशी नक्कल हवी होती. साहेबांनी सांगितले की चोरी नावावर लागली तर रहिवासच हातचा जाईल. मी वकिलांना विचारून आले नव्हते.

जाहिरात नेनिताला सापडली कशी, असे साहेबांनी विचारले. नेनिता दुसऱ्याचा खोका उघडायला हात लावणारी बाई नाही. म्हणून मी ठाण्यातूनच घरी फोन केला. खोका ॲनालिनने उघडला होता. पेपर सरळ करून तिनेच आत्याला दिला. "का गं?" असे मी विचारले. ती म्हणाली, "आत्याला ती नोकरी मिळाली, की तू घरी येशील."

माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. चोरीचा मजकूर ठेवायचा की काढायचा, असे विचारले असता मी आधी पाणी मागितले. साहेबांनी पाणी दिले.

हा जबाब मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. मुलीचे वाक्य मी दोनदा वाचायला लावले. तेही बरोबर आहे.