अध्यक्षांच्या दाढेतला खड्डा

…छे छे, तोंड मिटू नका नगराध्यक्षसाहेब, कापूस गिळाल! सभेत उघडता तेवढं उघडा. अस्सं. ओठ जड वाटतोय ना? मग झालं, चढली भूल — आता तुम्ही फक्त ऐका. तर काय म्हणत होतो — आमचे व्याही. तुम्ही पोलिसांत तक्रार ठोकलीत ना ज्यांच्यावर, तेच. माझी लेक त्यांच्या घरात दिलीय, आणि माणूस तुमच्या-माझ्या विरोधी पक्षाचा, अगदी कट्टर! लग्नाच्या बैठकीत लोक मानपानावरून भांडतात, आम्ही निवडणुकीवरून भांडलो. रोज सकाळी एकमेकांच्या पोस्टखाली जुंपते आमची — ते मला चमचा म्हणतात, मी त्यांना बिनडोक — आणि संध्याकाळी नातवाला घेऊन दोघं बागेत. मान जरा इकडे. हां.

आता पोस्ट काय होती त्यांची तुमच्यावर? ‘स्वतःच्या डाव्या दाढेतला खड्डा वर्षभर बुजवला नाही, ते आपल्या रस्त्यातले काय बुजवणार!’ — हसू नका, ड्रिल चालू आहे. हसत नाही आहात? बरं. पण यात धमकी कुठाय? शिवी कुठाय? आणि एवढ्यावरून त्यांचा फोन जप्त, पुन्हा पुन्हा ठाण्यात बोलावणं, उद्या सकाळी म्हणे अटकच करणार! अहो, ब्लडप्रेशरचा माणूस तो. माझी पोर जेवत नाहीये दोन्ही घरांच्या काळजीनं.

काय? पक्षाचा असून मी असं बोलतो? आहेच मी पक्षाचा! खिडकीत झेंडा लावलाय बघा. व्याह्यांचं बोलणं मला आजही निव्वळ भंकस वाटतं. पण मागे त्यांचं राज्य होतं, मी त्यांच्या मंत्र्यावर चार ओळी खरडल्या आणि मला नोटीस आली — आठवतंय? ठाण्याच्या बाकावर दिवसभर माझ्याशेजारी कोण बसलं? तुम्ही? तुम्ही तर फोनच बंद ठेवलात. हा त्याच मंत्र्याच्या पक्षाचा बाबा बसला, डबा घेऊन! इन्स्पेक्टरला म्हणाला, “पोस्ट भिकार आहे, पण लिहिली तर लिहिली.” तेव्हापासून आमचं ठरलंय — एकमेकांना शिव्या आपण घालायच्या, पोलिसांनी मध्ये पडायचं नाही. आणि आता बघा, ठाण्यात त्यांना एकच विचारतात, दाढेचं कुणी सांगितलं. एरवी या माणसाचं तोंड म्हणून बंद नसतं, पण तिथं काही माझं नाव घेतलं नाही हो त्यांनी —

…

डोळे वटारू नका. हात सोडा आधी, ड्रिल आहे हातात! बरं, मीच सांगितलं. व्याह्यांबरोबर चहा पिता पिता तोंडातून निघून गेलं — डावीकडची, खालची, सुईला घाबरतात म्हणून येत नाहीत. डॉक्टरनं बोलायला नको होतं, चुकलंच. त्याची तक्रार करा, माझ्यावर करा, खुशाल. पण विनोदाची कसली तक्रार करता?

झालं, भरली दाढ. चूळ भरा. उद्या सकाळी मी ठाण्यात जाणार, डबा घेऊन, त्यांच्याशेजारी बसणार आणि माझं नाव मीच सांगणार. काय? काय म्हणताय? अक्षर कळत नाही. लाळ गळतेय, पुसा. दोन-तीन तास असंच राहणार, बोलायला जाल तर जीभ चावली जाईल — कसं वाटतंय? …सिस्टर, पुढच्यांना पाठवा.