इंजिनासमोर कुणी नको

—नाही हो, रागावू नका, तुम्हाला बाकावरून उठवतोय असं नाही, फक्त त्या खांबापर्यंत सरकलात तरी चालेल. तुमची टोपी येतेय ना फोटोत. पिवळी आहे. काळ्या इंजिनासमोर पिवळी टोपी म्हणजे — बरं, राहू दे, बसा. ऊन ढगात गेलंय, वेळ आहे आपल्याकडे. काय म्हणालात? हो, ह्याच इंजिनाचा. मागच्या वर्षीही ह्याचाच काढला. त्याच्या आदल्या वर्षीही. ते जाणार कुठे — पोटात कोळसा नाही, पाणी नाही, धुराड्यात चिमण्या राहतात. लोक सुट्टीत समुद्रावर जातात, मी ह्या रेल्वे संग्रहालयात गंजलेलं लोखंड बघायला येतो. गंजलेलं म्हणायचं नाही खरं तर, इथला रंगारी ऐकेल. जतन केलेलं म्हणायचं.

हे दांडे बघा, चाकं एकमेकांना जोडणारे. खालच्या बाजूला थांबलेत ना? आम्हा फोटोवाल्यांना ते खालीच लागतात. त्या पलीकडच्या हिरव्याचे वर थांबलेत, कायमचे, म्हणून मी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? ज्यांनी ढकलत आणून ठेवलं त्यांनी चाकाची अर्धी फेरी आणखी ढकलायला हवं होतं. मी इथल्या व्यवस्थापकांना तसं जाऊन सांगितलंही — साहेब, अजून ढकलता येईल. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि प्यायला पाणी दिलं. आणि दुसरं म्हणजे, माणूस नको. इंजिनासमोर कुणी नको. माणूस आला की मोबाईल येतो, मोबाईल आला की इंजिन म्हातारं दिसतं. हसू नका, असं मानणारे बरेच आहोत आम्ही, मी एकटाच वेडा नाही.

एकटा आलोय का? नाही — म्हणजे, आत्ता एकटा आहे. बायको होती मघाशी. रुसलीय म्हणणार होतो, पण रुसायचं वय गेलं आमचं, चिडलीय. आणि बरोबर चिडलीय. सांगतो. आमची लेक लांब असते, आली होती चार दिवस. म्हणाली, बाबा, आईचा एक धड फोटो द्या, मला घरात भिंतीवर लावायचाय. मी म्हटलं, एक काय मागतेस, कॉम्प्युटर भरलाय. शोधायला बसलो दोघं. इंजिनं निघाली, इंजिनांची चाकं निघाली, इंजिनांचे नटबोल्ट निघाले. आईचं काय निघालं? एक कोपर. एक पर्सचा पट्टा. आणि एका इंजिनाच्या पितळी घुमटात पडलेलं प्रतिबिंब — पोट ढोलाएवढं, डोकं लिंबाएवढं. लेक आधी हसली. मग हसायची थांबली. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अगं, मी सामान धरून बाजूला उभी असते, फोटोत येणार कशी?’ साधंच म्हणाली हो. टोमणा मारायचा असला तर ती फार चांगला मारते.

तर आज मुद्दाम आलो. तिचा फोटो काढायला, दुसरं काही नाही. नवे निळे कपडे घातले तिनं, केस सेट करून आली — पार्लरमध्ये कधी पाय न टाकणारी बाई! निघताना म्हणाली, ‘आज काढा, नाहीतर पुढच्या वेळेपासून तुमचे तुम्ही जा.’ तिथे उभी राहिली, केबिनच्या पायरीशी. मी कॅमेऱ्यातून बघितलं. छान दिसत होती, खरंच छान दिसत होती. आणि तेवढ्यात ढगातून ऊन आलं, सरळ दांड्यांवर, नुकतं तेल दिल्यासारखे चमकले, आणि माझ्या तोंडून — अहो मी बोललोच नाही, तोंड आपलं आपण बोललं — ‘जरा बाजूला हो ना.’ झाली ती बाजूला. जी झाली ती चालतच गेली. मग मी काय केलं ते विचारू नका. काढला. इंजिनाचा. तोही हललाय. मग पळालो तिच्या मागे, पण दिसेना कुठे, फोन उचलेना. चुकामूक झाली तर ह्याच इंजिनापाशी भेटायचं असं आमचं ठरलेलं असतं, म्हणून थांबलोय. आणि थांबलोच आहे तर म्हटलं — हो, कळतंय मला, कळतंय.

पण गंमत बघा, ती गेल्यापासून एक फोटो धड निघत नाहीये. कुणी चाकावर पाय ठेवून उभं राहतंय, ते अख्खं कुटुंब डबे उघडून बसलंय, तुम्ही टोपी घालून — माफ करा. असं कधी व्हायचं नाही. मी कॅमेरा लावला की समोर मोकळं. मला वाटायचं माझ्यात धीर आहे. इतर फोटोवाल्यांना शिकवायचो — थांबायला शिका, माणसं आपोआप जातात! आपोआप कसली? बायको जायची ना त्यांच्याकडे. ‘ताई, तिकडे छान सावली आहे.’ ‘अहो, तिकडे छोटी गाडी सुटतेय, मुलांना बसवा.’ गप्पा मारत मारत घरंच्या घरं उचलून न्यायची. हे मला आत्ता, तुमच्याशी बोलता बोलता सुचतंय बघा. ते सगळे फोटो तिनं काढलेत, मी नुसतं बटण दाबलंय. उद्या ती म्हणते तसं एकट्यानं यायची वेळ आली तर मी काय करणार? मला तर तुम्हालासुद्धा हलवता येत नाहीये. आणि मला नाही यायचं हो एकट्यानं. इंजिन गेली कित्येक वर्षं तेच आहे. जाताना गाडीत ती झोपते, येताना बडबडते, मी त्याच्यासाठीच येत असेन कदाचित.

कुठे? ती? निळे कपडे — हो, तीच! त्या डबेवाल्या कुटुंबाशी काय बोलतेय? अहो, ती उठवतेय त्यांना. इकडे बघतही नाहीये, मान बघा कशी ताठ, आणि तरी — ढग सरकला ना, ऊन आलं चाकांवर, तिच्या लक्षात आलं आणि माझ्या नाही. माझ्यासाठी जागा मोकळी करतेय ती. आता त्यांना घेऊन निघेल, आणि त्यांच्याबरोबर स्वतःही — नाही, नाही, नाही. अगं ए! थांब! त्यांना जेवू दे! तू जाऊ नकोस, तिथेच थांब! काय? इंजिन गेलं खड्ड्यात, तू इकडे बघ, कॅमेऱ्यात! — धरा हो ही पिशवी जरा. आणि आता बोलू नका माझ्याशी.