एक हिवाळा हवा होता

सन्माननीय अध्यक्ष संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले आभाळकाका, पहिल्या रांगेतल्या काकू आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

काकांविषयी मी काय बोलावं? बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. संध्याकाळ झाली की छताचं झाकण सरकवायचं, लेसरचा हिरवा झोत वर सोडायचा आणि धुळीच्या कणांवर आपटून जो उजेड माघारी येईल तो दुर्बिणीत धरायचा. किती वेळाने परतला यावरून धूळ किती उंचावर आहे ते कळतं. पाहुण्यांना हे समजावताना काका अगदी रंगात येत. काकू मात्र म्हणत, "घरातली धूळ मी पुसायची आणि आभाळातली हे मोजणार. वाटणी बरी आहे."

ही धूळ वाढतेय की घटतेय, एवढ्या एका प्रश्नापायी या माणसाने बढती नाकारली. उत्तर हाताशी आलं होतं. जुनं यंत्र थकलं म्हणून नवंही आलं, अजून खोक्यातच आहे. काकांचं मागणं एकच होतं: एक हिवाळा जुनं आणि नवं शेजारीशेजारी चालवू द्या. दोन माणसांची नजर सारखी नसते, तशी दोन यंत्रांचीही नसते. दोघांनी एकच आभाळ पाहिलं तरच फरक कळणार. नाहीतर उद्या आकडा वाढला, तर धूळ वाढली की यंत्र बदललं, कोण सांगणार? त्यासाठी निवृत्तीनंतरही रोज संध्याकाळी बिनपगारी येईन, म्हणाले. संचालक महोदयांनी मोठ्या मनाने होकार दिला, त्यांचे आभार.

हे दालन आज किती प्रशस्त दिसतंय, नाही? काकांचा समारंभ काकांच्याच खोलीत व्हावा, म्हणून व्यवस्थापक साहेबांनी स्वतः उभं राहून ते मोकळं करून घेतलं. नवं आलंय, मग जुनं कशाला, असा त्यांचा साधा हिशेब. हेतू चांगलाच होता. करायला गेलो गणपती, झाला मारुती. काका रजेवर होते, मी परगावी. मान्यवर बसलेत तिथेच जुनं यंत्र होतं. वर पाहिलंत तर छताचं झाकण काढून बुजवलेल्या जागेचा गिलावा अजून ओला दिसेल. दुर्बिणीचा आरसा काढताना फुटला, बाकीचं भंगारात गेलं.

काकांना हे आज दारातून आत येताना कळलं. त्यांनी फुलं घेतली, साहेबांना "फार छान केलंत" म्हणाले आणि खुर्चीत बसले. तेव्हापासून त्यांनी छताकडे एकदाही पाहिलेलं नाही.

अशा प्रसंगी 'काहीतरी मार्ग निघेल' म्हणायची रीत आहे. मला ते म्हणवत नाही. मार्ग निघणार नाही. मोजमाप तुटलं ते तुटलं. नवं पहिल्यापासून सुरू होईल, आणि त्याचं उत्तर ऐकायला काका असतील असं मला वाटत नाही. मला फार वाईट वाटतंय, एवढंच खरं.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आणि काकू, मघाशी तुम्ही विचारलंत, "उद्यापासून यांचा संध्याकाळचा डबा भरायचा ना?" मी "बघतो" म्हणालो.

नका भरू.