द्रिनस नदीवरचा दोर

—नाही, ती कुऱ्हाड मांडीवर नका धरू साहेब, फळीखाली सरकवा, नाव हेलकावली की आधी गुडघाच जातो माणसाचा. हां, असं. आणि दोराला हात लावू नका, ते माझं काम — मी ओढते, तुम्ही बसा. बघताय काय असे, बाईमाणूस नाव ओढतंय म्हणून? द्रिनसच्या काठावर कुणालाही विचारा, उर्साची नाव म्हटलं की बोट दाखवतील. प्लात्तोर, माझा नवरा, पलटणीत गेला तेव्हापासून हा दोर माझ्या हातात आहे. तुमचे घोडेस्वार? राहू द्या की काठावर. जवाची दारू दिलीय मडकंभर, ते काही तुमच्या आठवणीनं रडत बसायचे नाहीत.

हुकूम तर मी पाळतेच आहे, नाही का? राव्हेन्नातून, आपल्या पश्चिमेच्या सम्राटाकडून फर्मान सुटलं — पूर्वेची नाव इकडं लागू द्यायची नाही, पश्चिमेचा माणूस तिकडं जाऊ द्यायचा नाही, दोर काढून किल्ल्यात जमा करायचा. बरं. तुम्ही आल्या आल्या कुऱ्हाड उगारलीत, तर मीच म्हटलं ना, साहेब, इथं तोडलात तर दोर वाहत जाऊन पलीकडच्यांना मिळेल, पलीकडची गाठ सोडा आणि मग इकडं ओढून घ्या. शहाणपणाचंच सांगितलं. सरकारी दोर म्हणे! वाख मी भिजवला, मी झोडपला, वळून वळून हाताची सालटं निघाली ती माझी, आणि दोर सरकारी. असू दे. सरकारला दोराशिवाय दुसरं उरलंय काय म्हणा. किल्ल्यात माणसांपेक्षा उंदीर जास्त. न्हाणीघराचं छप्पर बसलं, तिथं आता आमच्या शेळ्या बांधतो आम्ही — शेळ्यांना आवडतं, जमीन गुळगुळीत आहे.

तुम्ही सिर्मियमचे ना? मग तुमच्याकडं पण आल्या असतील त्या तसबिरी. दोघे भाऊ सम्राट म्हणून गादीवर बसले तेव्हा आमच्या गावात एकाच फळीवर रंगवलेले आले होते, थोरला आणि धाकटा, शेजारी शेजारी. आम्ही मेणबत्त्या घेऊन वेशीपर्यंत गेलो, धूप जाळला, बाप्ये तर रडले. एकच राज्य, दोघे मिळून सांभाळणार, असं सांगितलं होतं आम्हाला. मग एक दिवस किल्लेदार करवत घेऊन आला आणि फळी मधोमध कापली. का? तर हा काठ धाकट्याचा, थोरल्यानं इथं राहायचं नाही. हसू नका — बघा तुम्ही जाऊन, चावडीत अजून टांगलेला आहे धाकटा, आणि त्याच्या खांद्यावर थोरल्याचा पंजा तसाच राहिलाय! नुसता पंजा, पुढं माणूसच नाही. अहो, वाटण्या आमच्यातही होतात. भाऊ भांडतात, बांध घालतात, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण विहिरीवरचा दोर कुणी नेत नाही कापून. तेवढी लाज असते माणसाला.

थांबा. इथं जरा थांबू या. नाही, बिघडलं काही नाही, मी दोराला वेढा दिलाय खुंटीवर, म्हणून थांबलीय नाव. असे फळीला कवटाळू नका. पोहता येत नाही वाटतं? वाटलंच. मला सांगा साहेब, आत्ता आपण कुणाच्या राज्यात आहोत? मागच्या काठावर धाकटा, पुढच्या काठावर थोरला, आणि इथं मधल्या पाण्यात? माहीत नाही ना? मग मी सांगते. इथं माझं राज्य आहे. आणि इथं तुम्ही माझं ऐकायचं.

पलीकडं बघा, त्या वाकड्या झाडाशेजारी. काठीवर तांबडी घोंगडी दिसतेय? सकाळपासून लावलीय. तुम्ही आलात तेव्हा मी नाव सोडायलाच निघाले होते, आणि तुम्ही दोर तोडायला उभे. ती घोंगडी माझ्या जावयानं, दासियसनं लावलीय. तांबडी म्हणजे माझी मुलगी उर्सिना अडलीय, कळा सुरू झाल्यात. लग्न करून दिली तेव्हा तो नुसता पलीकडचा काठ होता हो — नदीपलीकडं दिली, एवढंच म्हणायचे लोक. परदेशात दिली असं कुणी म्हटलं नव्हतं. हो, म्हणून आणलं मी तुम्हाला. गाठबीठ निमित्त. तुम्हाला काठावर सोडून आले असते तर माझ्या पाठीमागं दोर गेला असता.

रागावलात? रागवा. गेल्या खेपेलाही अशीच घोंगडी लागली होती, आणि तुमच्यासारख्याच एकानं नाव साखळीनं बांधून ठेवली होती, काहीतरी तपासणी म्हणून. मी काठावर बसून होते. दिवसभर तांबडी घोंगडी बघत होते. पाया पडले त्याच्या, तो म्हणाला हुकूम नाही. संध्याकाळी दासियसनं ती उतरवली आणि पांढरी लावली. मुलगा होता. आडवा आला होता, त्याला फिरवणारे हात तिथं नव्हते — ते हात इथं होते, माझ्या मांडीवर, रिकामे. आता नाही बसणार मी. तुमच्या दोन्ही सम्राटांना सांगा जाऊन, उर्सा नाही बसणार. प्लात्तोर गेला तो अशाच भावाभावांच्या लढाईत, समोरचा टोप पण तोच, शिवी पण त्याच भाषेतली. कुणी मारला ते त्यालाही कळलं नसेल. प्रेतसुद्धा आलं नाही. नवरा दिला, नातू दिला. दोर नाही देणार.

माझे केस? मोकळे आहेत, हो. वेडी नाही झाले. घरात बाई अडली की आमच्यात एकही गाठ ठेवत नाहीत — केस सोडायचे, नाडी सोडायची, दारातल्या शेळीचं दावं सोडायचं, पिशव्यांची तोंडं मोकळी करायची, म्हणजे पोटातलं मूलही मोकळं होतं. बाळंतिणींच्या जुन्या देवीची, ल्युसिनाबाईची रीत आहे ती — हे नाव तुम्ही ऐकलं नाहीत हं, बिशपबाबांना कळलं तर माझी चामडी सोलतील. रविवारी मी जाते देवळात, क्रूसही करते, बघा, केला. पण पोर अडलेली असताना मी कुठलीच देवता नाराज ठेवणार नाही, जुनी नाही नि नवी नाही. आमच्या गावची सुईण तर परवा म्हणाली, नावेच्या दोराची गाठसुद्धा सोडायला हवी. मी म्हटलं ती नाही. ल्युसिनेला सांग, बाकीच्या सगळ्या सोडते, पण ती सुटली तर मी येऊ कशी? तिचंही ऐकलं नाही मी, साहेब. तुमचं कुठून ऐकू?

चला, निघाली नाव. घट्ट धरा.

पोचलो. उतरा. अहो उतरा, चिखल आहे, काही होत नाही. हां — आता मागं वळून बघा. काय दिसतंय? तुमचे घोडे, तुमची माणसं, तुमचं राज्य, सगळं तिकडं. आणि तुम्ही? धाकट्याचा अंमलदार, थोरल्याच्या मुलखात, हातात परवाना नाही, कंबरेला हा एवढा चकचकीत पट्टा. दुपारी इथं गस्त येते, टोप तुमच्यासारखाच, भाला तसाच, आणि ते पश्चिमेच्या माणसाला हेर म्हणून उलटा टांगतात. आता कसा चेहरा उतरला! मी सांगितलं गाठ सोडायला चला आणि तुम्ही टुणकन नावेत बसलात, एकदाही मनात आलं नाही की आपण सरहद्द ओलांडतोय. राज्याची दोन झाली म्हणून दोर तोडायला आलात, आणि पाय मात्र उचललात एकाच राज्यातल्यासारखा. तुम्हालाही पटलेलं नाही साहेब. कुणालाच पटलेलं नाही.

ही घ्या तुमची कुऱ्हाड. समोर गाठ आहे. तोडा. तोडा ना — मग पोहत जा घरी.

नाही ना? मग ऐका. गस्तीवाले बाळंतिणीच्या घरात पाय टाकत नाहीत, त्यांनाही आया आहेत. घरात या. पण ह्या घरात आज गाठ चालत नाही, तेव्हा वहाणांचे बंद सोडा. आणि हा पट्टा. हो, हाच, सरकारी. ठाऊक आहे मला, पट्टा उतरला की अंमलदार संपला, उरतो नुसता माणूस. मला नुसता माणूसच हवाय, पाणी तापवायला एक कमीच आहे. पुढं किल्लेदारानं विचारलं तर सांगा, गाठ पाण्यानं फुगली होती, सुटली नाही. खोटंही नाही ते.

— ऐकलंत? ओरडली ती. दासियस, बाजूला हो, आले मी! आले गं उर्सिना, आले, ढकलू नकोस अजून! — तू अजून उभाच? सोड ना बाळा तो पट्टा, पाहिला नाहीस का कधी असा प्रसंग? हां. शाबास. टाक त्या कोपऱ्यात, शेळीच्या दाव्यावर. आणि ती कुऱ्हाड बाहेर ठेव. आज इथं एकच गोष्ट तोडायची आहे, आणि ती मी तोडणार आहे, माझ्या विळ्यानं. तू चुलीपाशी बस. कुणी विचारलं कुठल्या सम्राटाचा, तर सांग उर्साच्या घरचा आहे. आणि आता एक अक्षर बोलू नकोस.

दार लाव.