माया ठेवून कापता येत नाही

हॅलो?… हो, ताईच बोलतेय. बोल बारक्या, लवकर. वॉर्डात ड्युटीवर आहे मी, चार बाळं एका सुरात रडताहेत… कोण घोरतंय तिकडे? तीन दिवसांचं पोर एवढं घोरतं?… बायको होय! झोपू दे बिचारीला.

हं… कसला फॉर्म?… सुंतेचा? बरं, मग? विचारलंय फक्त… सही केलीस?… नाही ना? मग पेन आधी खिशात घाल.

अरे, ऐक ना! सक्ती नसते… छे, सगळ्या बाळांची करत नाहीत… हो, थोडा फायदा आहे. पहिल्या वर्षात लघवीचं इन्फेक्शन कमी होतं. पण ते तसंही फार थोड्या बाळांना होतं… तोटा? क्वचित रक्त जास्त जातं, जखम चिघळते. आणि दुखतं… दुखतं म्हणजे दुखतंच! म्हणून आधी बधिर करणार का, ते विचारायचं… तुला नाही रे, बाळाला!

काय?… थोडी माया ठेवून कापतात का?… अरे शिंप्या, ती काय पँट आहे, पुढे उसवून वाढवायला? एकदा कापलं की कापलं!

नाही केली तर?… काही नाही. वरवर पाण्याने धुवायचं, कातडी मागे ओढायची नाही… कोण ओढणार म्हणजे? तूच! कापड दिसलं की ताणून बघायची खोड आहे तुला.

कोण हसतंय?… स्पीकरवर आहे मी? बारक्या!… लिफ्टमन? आणि शेजारच्या खाटेवरच्या आजी?… अरे, त्यांचं मत राहू दे, बायकोचं काय मत आहे?… विचारलं नाहीस? लिफ्टमनला विचारलंस आणि बाळाच्या आईला नाही? उठव तिला… उठव म्हणते ना!

हं, वहिनी… सगळं ऐकलंस? घोरत घोरत?… बरोबर… हो, कोण करणार, रक्त थांबलं नाही तर काय करणार, सगळं विचार डॉक्टरांना… नाही गं, आजच ठरवायला हवं असं नाही. नंतरही करता येते, पण तेव्हा काम जरा मोठं होतं, तेही विचारून घे… चालेल, आज सही नाही. दोघं मिळून ठरवा.

अगं, बारक्या का किंचाळला?… बाळाला लंगोट न बांधताच उचललं?… शर्टावर शू? आणि फॉर्मवर?… नेमकं सहीच्या जागी?… घ्या! ज्याचा प्रश्न, त्यानेच मत दिलं!… अगं हसू नकोस एवढी, टाके दुखतील… अगं, पुरे!… ठेव, ठेव फोन!