चंदेरी बर्नर

बार्बेक्यूचं नाव काढलंच तुमी, त सांगूनच टाकतो. दिग्रसच्या एका ढाबेवाल्यानं भंगारात काढलेली गॅसची बार्बेक्यू शेगडी मी घरी आणली. गफूरचाचा मेकॅनिकनं तिचे बर्नर नीट केले, पेटवून दाखवले. पण वरचा गंज मले खुपे. म्हून मी तिले चंदेरी पेंट मारला, बर्नरसकट!

रविवारी सासरची मंडळी भरीत खायले बोलावली. वांगे तयार, आन शेगडी काही पेटेना. सगळ्यायसमोर मी चाचाले फोन लावला, "कसली रिपेरिंग केली हो? काहून माही इज्जत घालवून राह्यले?"

चाचा जेवणावरून उठून सायकलवर आले. बर्नरच्या भोकात सुई घातली, त चंदेरी पेंटचा खपला निघाला. त्यायनं माह्याकडे पाह्यलं, मंग सासऱ्याले म्हनलं, "गलती मेरीच है साब. सुराख साफ करना रह गया."

एकेक भोक मोकळं केलं. शेगडी पेटली.

आन मी काय म्हनलो, मालूम? नखात माह्या अजून तोच पेंट होता, अन् मी मोठ्या मनानं म्हनलो, "जाऊ द्या चाचा, होते चूक."