पहिल्यांदा हात ठेवल्यावर

(डोळ्यांच्या दवाखान्यातली तपासणीची खोली. दुपारचे सव्वाचार.)

मामा : …म्हणून मी विजेच्या खांबाच्या सावलीवरून उडी मारली. गटार वाटलं मला. उडीही चांगली लांब मारली. समोरच्या सलूनवाल्याने टाळ्या वाजवल्या.

भाची : लागलं का तुला?

मामा : लागलं. पायाला नाही.

भाची : मामा, ऐक. पाच वाजेपर्यंत मला वर कळवायचंय. दुसऱ्या डोळ्यासाठी कुणीतरी दान केलेला कॉर्निया आलाय. तो फार दिवस ठेवता येत नाही. तू नाही म्हणालास तर यादीतल्या पुढच्या माणसाला फोन जाईल. फॉर्म हा इथे आहे.

मामा : मग लाव पुढच्या माणसाला फोन.

भाची : असं कसं? पहिल्या डोळ्याला कॉर्निया किती छान बसलाय. पाच महिन्यांत तू तक्त्यावरच्या सातपैकी पाच ओळी बरोबर सांगायला लागलास.

मामा : तक्त्यावरचा तो इंग्रजी ‘ई’, तीन दातांचा कंगवा, कुठल्या बाजूला तोंड करून बसलाय, एवढं सांगतो मी. उजवीकडे, खाली, वर. तू शाबास म्हणतेस. मग मी दाराबाहेर पडतो आणि मामीला ओळखत नाही.

भाची : ओळखत नाहीस म्हणजे?

मामा : बोलली की ओळखतो. गप्प असली की ती कुणीही असते. हल्ली मुद्दाम गप्प बसते, मी ओळखतो का ते बघायला. पंचवीस वर्षांत एवढी गप्प कधी बसली नव्हती. तेवढाच काय तो फायदा.

भाची : आणि काम?

मामा : काम डोळे मिटून. पियानोचं झाकण उघडलं की आत दोनशेच्या वर तारा. पूर्वी त्या माझ्या बोटांना एकेक करून भेटायच्या. आता सगळ्या एकदम अंगावर येतात. परवा एका शाळेचा पियानो लावायला तीन तास लागले. शेवटी रुमाल बांधला डोळ्यांवर. संगीताच्या बाईंना वाटलं, मी काहीतरी खेळ करून दाखवतोय.

भाची : हे तू मला आत्ता सांगतोयस?

मामा : तुमच्या कागदावर ऑपरेशन यशस्वी झालंय. कागदाच्या मध्ये कशाला पडू? आणि आता रविवारचं लचांड आहे. पाळकसाहेब म्हणतात, उपासनेत उभं राहून साक्ष द्या. दीड वर्षाचा असताना तापात डोळे गेले, पन्नास वर्षं अंधारात होतो, आणि प्रभू येशूने मला दृष्टी दिली. मामीने नवा सदरा शिवायला टाकलाय.

भाची : मग नाही म्हणून सांग.

मामा : कुणाला? डॉक्टरांना की येशूला?

भाची : ते दोन वेगळे विषय आहेत.

मामा : तुझ्यासाठी. तुझी आजी मला एकही प्रार्थनासभा चुकवू द्यायची नाही. तासन्‌तास रांगेत उभं राहायचं. मग कुणीतरी डोक्यावर हात ठेवायचं. गरम, घामट हात. आणि विचारायचं, ‘दिसलं का?’ नऊ वर्षांचा असताना एकदा मी ‘हो’ म्हणालो.

भाची : का?

मामा : आईचे पाय दुखत होते. तिने सांगितलं नव्हतं, पण ती एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत होती, ते मला ऐकू येत होतं. म्हटलं, ‘हो’ म्हणून टाकू, म्हणजे घरी जाता येईल. केवढा गलका झाला! आई माझा चेहरा धरून रडायला लागली. मग मला मंचावरून खाली सोडलं आणि मी दुसऱ्याच पायरीला कोसळलो.

भाची : आजीने कधी बोलून दाखवलं नाही.

मामा : मलाही नाही. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. त्या दिवसापासून मी देवाच्या नावाने खोटं बोललेलो नाही. आणि रविवारी मला परत त्याच मंचावर चढवताहेत. म्हणून तुला विचारतो. तू शास्त्र शिकलीस. सरळ सांग, तो खरंच होता का?

भाची : येशू? माणूस होता. यावर इतिहासाच्या अभ्यासकांत फारसा वाद नाही. धर्म न मानणारेसुद्धा तेवढं मानतात. उपदेश करत फिरायचा, भोवती माणसं जमायची, सरकारने पकडून क्रुसावर मारलं. त्याच्याशी काही देणंघेणं नसलेल्या एकदोघांनीही नंतर त्याचा उल्लेख केलाय. एकाने तर चांगलंच नाक मुरडून.

मामा : नाक मुरडून केलेला उल्लेख बरा. त्यात खुशामत नसते. आणि चमत्कार?

भाची : लोक तेव्हाही म्हणत होते की हा बरं करतो, इतकं ठामपणे सांगता येईल. खरंच करायचा का, हे मोजायची पट्टी माझ्याकडे नाही.

मामा : म्हणजे मानत नाहीस.

भाची : नव्हते मानत. आता एका गोष्टीपाशी अडकलेय. तुझ्याच केसचं टिपण लिहीत होते. तुझ्यासारख्या उशिरा दृष्टी आलेल्या माणसांच्या जुन्यात जुन्या नोंदी शोधत होते. शोधता शोधता येशूपर्यंत पोचले. गावाबाहेर नेऊन तो एका आंधळ्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो, आठवतं?

मामा : आंधळ्यांच्या गोष्टी आमच्याकडून तोंडपाठ करून घेतल्या होत्या, बाई. कुठली?

भाची : ज्याला पहिल्यांदा नीट दिसत नाही ती. तो माणूस म्हणतो, माणसं दिसताहेत, पण झाडांसारखी दिसतात, आणि चालताहेत.

मामा : थांब जरा. ही गोष्ट आमच्याकडे कुणी फारशी सांगायचं नाही.

भाची : कशी सांगतील? त्याचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांपैकी तिघांनी ती घेतलेलीच नाही. एकानेच ठेवलीय. अडचणीची आहे ना. देवाचा पुत्र हात ठेवतो आणि काम अर्धवट होतं! रचायची असती तर कुणी अशी रचली असती का? मी बसमध्ये वाचत होते. उतरायचा थांबा दोन थांबे मागे राहिला.

मामा : झाड मला छातीपर्यंत माहीत होतं. कवेत घ्यायचं, खरखरीत, हलत नाही. वर काय चालतं ते पाच महिन्यांपूर्वी कळलं. पट्टी निघाल्यावर तुमच्या फाटकातून बाहेर पडलो, तर समोर उभं काहीतरी, खाली जाड, वर फुटलेलं, आणि ते पुढे पुढे येत होतं. मी मामीला म्हटलं, खांब चालताहेत गं. ती म्हणाली, अहो, हळू बोला, माणसं आहेत ती.

भाची : हे लिहून घेऊ?

मामा : घे. आणि हेही लिही, की हे डोळस माणसाच्या डोक्यातून निघालेलं नाही. डोळस माणूस गोष्टीत आंधळ्याला बरं करतो ना, तेव्हा तो आंधळा लगेच आकाशाकडे बघून नाचतो. आकाश! मला पहिला महिनाभर आकाश कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळत नव्हतं.

भाची : पण मी घाईने काही म्हणणार नाही. कदाचित त्याला लहानपणी दिसत असेल, मोतीबिंदू नंतर झाला असेल. कदाचित ते शब्द दुसऱ्याच कुणा आंधळ्याचे असतील आणि या गोष्टीत येऊन चिकटले असतील.

मामा : असू दे. पण कुणीतरी म्हणालं. आणि कुणीतरी ते न हसता लिहून घेतलं.

(दार उघडतं. मामी आत येते.)

मामी : झाली का सही? पाळकसाहेबांचा दोनदा फोन येऊन गेला. अगं पोरी, तूच सांग यांना. प्रभूने डोळे दिले आणि हे गृहस्थ घरात गॉगल लावून बसतात. काल मी समोर नवी साडी नेसून उभी राहिले, तर म्हणाले, पडदे कधी बदललेस?

मामा : रंग चांगला आहे म्हणालो होतो मी.

मामी : पडद्याचा!

भाची : मामी, पाच मिनिटं बस. आमचं एक राहिलंय.

मामी : बसते. बोलणार नाही. चालू द्या तुमचं.

मामा : मग पुढे काय झालं त्या माणसाचं? दुसऱ्यांदा हात ठेवला असेल.

भाची : हो. आणि त्याला सगळं स्पष्ट दिसलं.

मामा : इथे गोष्ट माझ्या हातून निसटली.

भाची : का?

मामा : डोळा साफ करणं सोपं आहे गं. तुमचे डॉक्टर तास-दीड तासात करतात, गाणी लावून. पण बायको गप्प असताना ती बायको आहे हे कळणं? पायरी कुठली आणि सावली कुठली? लोक जन्मल्यापासून शिकत येतात ते. एका झटक्यात ते कुणी कसं देईल?

भाची : मीही तिथेच अडकले. लोक म्हणतात, आंधळ्याला दिसलं हा चमत्कार. मला वाटतं, पहिला भाग चमत्कार नाहीच. तो तर हुबेहूब तू आहेस. चमत्कार असलाच, तर तो दुसऱ्यांदा ठेवलेल्या त्या दुसऱ्या हातात आहे. पन्नास वर्षांचा अभ्यास एका क्षणात.

मामा : तसा हात आहे का तुमच्याकडे?

भाची : नाही. खोटं कशाला बोलू? हे ऑपरेशन म्हणजे दुसऱ्या डोळ्यावर पहिलाच हात. बाजूचं जास्त दिसेल. एका डोळ्याला काही झालं तर दुसरा राहील. पायरीची खोली कळेल याची खात्री नाही, मेंदू ते लहानपणीच शिकतो. चेहऱ्यांसाठी सराव. महिने, कदाचित वर्षं. बरेच जण कंटाळून डोळे मिटून घेतात.

मामा : हे डॉक्टर बोलले नाहीत.

भाची : मीही बोलले नव्हते. मामा, त्या गोष्टीतली दुसरी एक गोष्ट मला जास्त टोचली. हात ठेवल्यावर तो त्या माणसाला विचारतो. ‘दिसलं का?’ असं नाही विचारत. तुला काही दिसतंय का, असं मोकळं विचारतो. आणि उत्तर ऐकून घेतो. मी पाच महिने तुझी नजर मोजतेय. तुझ्या फाइलमध्ये अकरा कागद आहेत. एकाही कागदावर हा प्रश्न नाही.

मामा : तुझं कामच मोजायचं आहे.

भाची : मग आता विचारते. काय दिसतं तुला?

मामा : …उजेड सगळीकडे सांडलेला. वस्तूंच्या कडा एकमेकींत शिरलेल्या. माणसाचा आवाज एका जागी असतो, चेहरा मात्र सारखा हलत असतो, पाण्यासारखा. त्यातलं हसू कुठलं आणि वैताग कुठला, कळत नाही. भीती वाटते. घरी आलो की डोळे मिटतो आणि पहिल्यांदा खोली आपल्या आकाराची होते.

भाची : काहीच आवडत नाही?

मामा : एक आहे. कुणाला सांगितलं नाही, हसतील म्हणून.

भाची : सांग.

मामा : खालच्या सुरांच्या तारा आहेत ना, लांब, जाड. त्यातली एक वाजली की ती रुंद होते. मधोमध फुगते, धुरकट होते. आणि सूर जसजसा विरतो, तसतशी बारीक होत परत तार होते. पस्तीस वर्षं त्या तारा लावतोय, मला हे माहीत नव्हतं. सूर संपताना दिसतो गं. काम डोळे मिटूनच करतो, पण प्रत्येक पियानो लावून झाला की एकदा डोळे उघडतो आणि तेवढं बघून घेतो.

भाची : ते फार सुंदर आहे.

मामा : आहे ना? मग त्या माणसाला कोण दोष देईल, झाडं दिसताहेत म्हणाला म्हणून? कदाचित त्याला तीही आवडली असतील.

भाची : पाच वाजायला दहा मिनिटं आहेत. मी काही म्हणत नाही. नाही म्हणालास तरी तू माझा मामाच आहेस.

मामा : तू मानतेस का ते सांगितलं नाहीस.

भाची : विचारणारा होता, एवढं मला आता वाटतं. अगदी मनापासून वाटतं. त्याच्या हातात काय होतं, ते माहीत नाही.

मामा : मलाही. पण विचारणाऱ्याला खरं उत्तर द्यावंसं वाटतं. रविवारी जाईन मी. उभा राहीन आणि जे दिसतं तेवढंच सांगेन. खांब, पडदे, तार, सगळं.

मामी : अहो, पण साक्ष म्हणजे…

मामा : बोलणार नव्हतीस ना तू?

मामी : पण लोक काय म्हणतील?

मामा : म्हणू दे. दुसऱ्या हाताची वाट बघतोय म्हणून सांगेन. तेही खोटं नाही. आण गं तो फॉर्म.

भाची : नक्की? माझ्यासाठी करू नकोस.

मामा : तुझ्यासाठी कोण करतंय? दुसऱ्या डोळ्याने ती तार कशी दिसते, बघायचंय मला. कुठे करायची सही?

भाची : इथे, या रेघेवर. दिसतेय रेघ?

मामा : दिसतेय, पण तिकडे बघत सही नाही यायची. लग्नानंतर मामीने हात धरून शिकवली, ती बोटांनाच ठाऊक आहे. डोळे मिटून केली तर चालेल?

भाची : चालेल. पेनाचं टोक मी रेघेवर टेकवते. हां, कर.

मामा : …झाली?

भाची : झाली.

मामा : दे इकडे. बघू. ही माझी?

भाची : तुझीच.

मामा : केवढी वाकडी आहे! शेवटी तर रेघ सोडून वरच गेलीय.

मामी : पहिल्यापासून तशीच करता.

मामा : पंचवीस वर्षं? आणि बोलली नाहीस कधी?

मामी : मला तशीच आवडते.